हौसाचा घास

एक होतं घर. राजाराणीचं नाही बरं का, साधंच. कुडाच्या भिंती आणि वर गवताचं छप्पर. त्या घरात बिरू नावाचा माणूस राहायचा. मेंढरांच्या लोकरीची घोंगडी विणायचा आणि गावोगाव हिंडून विकायचा. घोंगडी खपली तर ज्वारी घेऊन घरी यायचा. नाही खपली, तर तीच खांद्यावर टाकून परत. त्याच्या बायकोचं नाव हौसा. आणि तीन मुलं. थोरला धुळा, मधला सिदा आणि धाकटी तानी. तानी असेल तुझ्याएवढी. हो, तुझ्याएवढीच. पाय आत घे बघू पांघरुणात.

आता बिरू आणायचा थोडं आणि खाणारी तोंडं पुष्कळ. पण हौसा घर असं चालवायची की कुणाला काही कमी पडायचं नाही. दोडका आणला की त्याची भाजी व्हायची. वरच्या शिरा काही ती टाकायची नाही. तव्यावर तीळ घालून परतायची, की झाली चटणी. ताक आंबलं की त्यात कण्या शिजवायची. शिळी भाकरी कुस्करून तिला अशी फोडणी द्यायची, की मुलं त्यावरून भांडायची. लुगडं विरलं की त्याची गोधडी. गोधडी विरली की तिचं पायपुसणं. तेही विरलं की चांगला कपडा तेवढा निवडून त्याच्या वाती. त्या घरातून उकिरड्यावर काही जायचंच नाही. उकिरड्यावरच्या कोंबड्यासुद्धा हौसा दिसली की पाठ फिरवायच्या.

शेजारणी म्हणायच्या, "हौसा, तुझ्याकडे काही जादू आहे का गं? आमचं पोतं संपतं, तुझं संपत नाही."

ती हसून म्हणायची, "जादू कसली बाई? माझा वाढायचा डाव लहान आहे, एवढंच."

मग काय झालं? पाऊस सरता सरता हौसाला ताप आला. एकदा पाठ टेकली ती पुन्हा उठलीच नाही. वैद्यबुवा आले. त्यांनी नाडी पाहिली, पाला वाटून दिला. जाताना बिरूला दाराशी म्हणाले, "औषध लागू पडायला अंगात काहीतरी असावं लागतं रे." बिरूला ते कळलं नाही. आणि हौसा गेली.

गेली म्हणजे? गेली म्हणजे देवाघरी गेली. ऐक पुढे.

मग दहावा दिवस आला. सगळे नदीवर गेले. भटजींनी भाताचा पिंड मांडला. आपल्याकडे कसं असतं, गेलेल्या माणसाचा पिंड कावळ्यानं शिवायचा असतो. कावळा शिवला की समजायचं, त्या माणसाची इच्छा पुरी झाली आणि ते सुखानं पुढे गेलं. आणि कावळा शिवेपर्यंत घरच्यांनी तोंडात घास घालायचा नाही. म्हणून सकाळपासून सगळे उपाशी होते. मुलंसुद्धा.

बाभळीवर एक कावळा येऊन बसला. पण खाली काही उतरेना. नुसता मान वाकडी करून मुलांकडे बघत राहिला.

मग बिरू पुढे झाला. हात जोडून म्हणाला, "हौसा, पोरांना मी सावत्र आई आणणार नाही. सुखानं जा."

कावळा हलला नाही.

मग धुळा पुढे झाला. "आई, मी माग चालवीन. बाबांना एकट्याला विणू देणार नाही."

कावळा हलला नाही.

मग आत्या पुढे झाली. आत्या म्हणजे बिरूची मोठी बहीण. तोंडानं फटकळ, पण डोळ्यांत पाणी. "हौसे, तुझी जोडवी तानीसाठी ठेवीन गं. आता तरी सुखानं जा! जिवंतपणी कधी काही मागितलं नाहीस, आणि आज कावळ्याला अडवून बसलीस होय?"

कावळ्यानं पंखसुद्धा झाडले नाहीत.

ऊन कललं. भटजी म्हणाले, "आता किती थांबायचं? दर्भाचा कावळा करतो आणि पिंडाला शिवतो. शास्त्रात चालतं तसं."

तानीनं विचारलं, "मग आई जेवणार नाही?"

भटजी दर्भ निवडायला लागले.

"उपाशीच जाणार?"

बिरूनं हात वर केला आणि तो भटजींना म्हणाला, "थोडं थांबा." मग तानी हळूच उठली आणि घराकडे पळत सुटली. आईला काय हवंय ते घरात कुणाला तरी ठाऊक असेल, असं तिला वाटलं.

घरात कोण होतं? कुणी नाही. कोपऱ्यात जातं होतं. तानीनं त्याच्यावर डोकं टेकलं आणि विचारलं, "जात्या, जात्या, माझ्या आईची काय इच्छा राहिली रे?"

आणि जातं घरघरलं बरं का! म्हणालं, "माझ्यापाशी ती काही मागायची नाही. दळताना नुसती नावं घ्यायची. ही मूठ बिरूची, ही धुळाची, ही सिदाची, ही तानीची. मी म्हणायचं, अगं, तुझी? ती म्हणायची, आधी ह्यांचं होऊ दे."

मग तानी चुलीपाशी गेली. "चुली, चुली, तू तरी सांग."

चुलीत राख होती. राख हलली आणि चूल म्हणाली, "टम्म फुगलेली भाकरी कुणाकुणाच्या ताटात जाते, ते मी रोज बघायची. तुझ्या ताटात जायची, तुझ्या भावांच्या ताटात जायची. हौसाच्या ताटात गरम भाकरी गेलेली मी काही पाहिली नाही."

मग तानी पातेल्यापाशी गेली. ते पालथं घातलेलं होतं. तिनं ते सरळ केलं. पातेलं म्हणालं, "तुम्ही सगळे जेवून उठलात की ती माझ्यापाशी यायची. भाकरीच्या तुकड्यानं मला पुसून घ्यायची. कधी तळाशी काही असायचं. कधी नुसता वास. मग माझ्यात पाणी घालायची, विसळायची आणि ते प्यायची. आणि तुम्हाला ओरडून सांगायची, माझं झालं गं जेवण."

तानी तिथंच बसली. तिनं खूप आठवून पाहिलं. आई वाढताना आठवली, भांडी घासताना आठवली. जेवताना काही आठवेना. रोज हाक ऐकू यायची, माझं झालं गं. आणि सगळ्यांना ते खरं वाटायचं.

मग तिला कळलं. आई घरातल्यांच्या आधी कधी जेवली नव्हती. मग आज कशी जेवेल? आज तर घरात कुणीच जेवलं नव्हतं.

ती उठली. गाडग्यात राहिलेली ज्वारी तिनं जात्यात घातली. तिच्या हाताला जोर कुठला? पण जातं आपणहून फिरलं. चूल आपणहून पेटली. पातेल्यात पिठलं रटरटलं. एकेक भाकरी तव्यावरून उतरली आणि तानीच्या टोपलीत जाऊन बसली. तानीनं टोपली डोक्यावर घेतली, पातेलं कडेवर घेतलं आणि नदी गाठली.

आत्या ओरडली, "अगं ए कार्टे! कावळा शिवायच्या आधी भाकऱ्या? काही रीतभात?"

तानी म्हणाली, "आत्या, आई आमच्या आधी कधी जेवली आहे का गं?"

आत्यानं पुढे होऊन तिच्या डोक्यावरची टोपली उतरवली.

भटजी म्हणाले, "पोरी, असं शास्त्रात नाही."

बिरू म्हणाला, "भटजीबुवा, शास्त्राला हौसा ठाऊक नाही." आणि तो वाळूत मांडी घालून बसला. त्यानं पहिला घास घेतला. वैद्यबुवा दाराशी काय म्हणाले, ते त्याला आत्ता कळलं. पण त्यानं तो घास गिळला. मग धुळा जेवला, सिदा जेवला, आत्या जेवली. शेवटी तानी जेवली. रडत रडत का होईना, सगळी पोटभर जेवली.

मग तानी बाभळीखाली गेली आणि वर बघून म्हणाली, "आई, आमचं झालं गं जेवण. खरंच झालं. सिदानं तर दोनदा पिठलं घेतलं. आता तू ये. ही भाकरी तुझी. गरम आहे बघ."

तिनं पिंडाशेजारी भाकरी ठेवली आणि मागे सरली.

कावळा उतरला. आधी त्यानं भाकरीला चोच लावली, मग पिंडाला. चोचीत धरून पळाला नाही तो. तिथंच बसला आणि सावकाश खाल्लं. त्याचं खाऊन होईपर्यंत कुणी हललं नाही, कुणी हाक मारली नाही, कुणी काही मागितलं नाही. मग तो उडाला आणि नदीपलीकडे गेला.

हौसा परत आली का? नाही रे. जात्याला बोलतं करता येतं गोष्टीत, पण तेवढं नाही करता येत. येत असतं तर मी केलं असतं.

मग पुढे त्या घरात काय झालं? हौसाइतकी कुणाला युक्ती नव्हती. पुष्कळदा कमी पडायचं. पण तानीनं एक केलं. भाकऱ्या झाल्या की ती पहिल्यांदा सगळ्या वाटून टाकायची. ज्यानं रांधलं त्याचं ताट आधी मांडायची. मग सगळ्यांनी एकदम बसायचं. वाढायला कुणी उठायचं नाही. कमी पडलं तर सगळ्यांनाच चतकोर चतकोर कमी पडायचं, आणि तेवढ्यानं काही कुणी मरत नाही.

धुळा माग चालवायला शिकला. बिरू भाकरी थापायला शिकला. त्याची भाकरी कधी गोल झालीच नाही, त्यावरून पोरं त्याला हसायची. हसायला लागली, बरं का. पुढे ती सगळी मोठी झाली आणि बरी राहिली.

चला, आता कुशीवर व्हा. काय म्हणतोस? माझं झालं का जेवण? झालं रे बाळा. तुमच्याच पंगतीला बसले होते की मी. मिटा डोळे.