पैलतीराची दवंडी

एका राज्यात सगळं ठीक चाललं आहे असं तिथल्या प्रत्येकाला वाटत होतं, आणि तसं वाटायला कारणही होतं. नदीच्या पलीकडे दुसरं राज्य होतं आणि ते फार वाईट होतं. किती वाईट, हे दर बाजारच्या दिवशी वेशीजवळच्या चौथऱ्यावरून सांगितलं जाई. ते सांगायचं काम हैबतीचं.

हैबती म्हणजे राजाचा दवंडीवाला. त्याची हलगी वाजून ‘ऐका हो ऐका’ झाल्याशिवाय त्या राज्यात कुठलाही कायदा लागू होत नसे, मग राजा अजितसेन कितीही मनात आणो. पण राजाने कित्येक वर्षांत नवा कायदा केलाच नव्हता. हैबतीला त्याने एवढंच सांगून ठेवलं होतं, की पैलराज्याचे कायदे लोकांना ऐकवत जा. काय ऐकवायचं ते राखाडी अंगरख्यातला एक माणूस येऊन त्याच्या कानात सांगून जाई. तो कोण, कुठला, हे हैबतीने कधी विचारलं नाही. पोट भरत होतं, मान मिळत होता, कशाला विचारतोय?

“ऐका हो ऐका. पैलराज्यात राखेची रेघ मारून विहिरीचं पाणी वाटलंय. एका बाजूच्याने दुसऱ्या बाजूला पोहरा टाकला तर त्याचा हात तोडतात.”

“शी, काय मेलं राज्य म्हणायचं,” बाया म्हणत.

“राजाचं काय घेऊन बसलात? तिथली माणसंच नेभळट. आपण असतो तर ऐकून घेतलं असतं का?” पुरुष म्हणत.

अशी तासभर नावं ठेवून झाली, की आपण अलीकडे जन्मलो म्हणून देवाला हात जोडून माणसं घरी जात, आणि त्या दिवशी त्यांना चार घास जास्तच जात. हैबतीची बायको साळू सगळ्यांच्या पुढे बसे आणि सगळ्यांत मोठ्याने नावं ठेवी. त्यांची मुलगी गोजरा मात्र बापाला भलतंच विचारी. ती पोर चूल फुंकतानासुद्धा बोलायची थांबत नसे.

“आबा, तुम्ही कधी गेलाय का हो पलीकडे?”

हैबती गेला नव्हता. तो हसून विषय बदलायचा.

एके सकाळी तो पाण्याला गेला आणि विहिरीच्या काठावर थबकला. आत पाण्यावर राखेची पांढरी रेघ होती. पोहरा पडला की ती हाले, आणि परत सरळ होई. बाया आपापल्या बाजूने मुकाट्याने पाणी शेंदत होत्या.

“ही रेघ कुणी मारली?” त्याने विचारलं.

“मारली म्हणजे? पहिल्यापासून आहे की,” एक बाई म्हणाली, आणि त्याच दमात पैलराज्यातल्या विहिरींबद्दल हळहळू लागली.

हैबतीने पोहरा खाली ठेवला. बाकीचे विसरले असतील, पण त्याला पक्कं ठाऊक होतं, की या कायद्याची दवंडी या राज्यासाठी त्याने कधीच पिटली नव्हती.

पुढच्या बाजाराला राखाडी माणसाने कानात सांगितलं ते हैबतीने लोकांना ऐकवलं, की पैलराज्यात म्हाताऱ्यांना भिंतीआड चिणून टाकतात. लोक खूप हळहळले. दुसऱ्या दिवशी शेजारच्या राघूतात्यांच्या खोलीला दार नव्हतं. दाराच्या जागी नुसती भिंत होती आणि भिंतीमागून तात्यांचा खोकला ऐकू येत होता.

“म्हातारी माणसं भिंतीआडच असतात ना?” तात्यांचा मुलगा म्हणाला. तो खोटं बोलत नव्हता, आणि हैबतीला भीती वाटली ती त्याचीच.

तिसऱ्या बाजाराला त्या माणसाने कानाशी वाकून सांगितलं, “पैलराज्यात लग्न ठरलेल्या मुलीचा आवाज कच्च्या मडक्यात काढून घेतात.” गोजराचं लग्न ठरलेलं होतं. बोलू नये असं हैबतीला फार वाटलं, पण समोर वाड्याच्या सज्जात राजा बसला होता, खाली माणसं वाट बघत होती. हळू बोललं तर कदाचित चालून जाईल, असा विचार करून त्याने ते तोंडातल्या तोंडात म्हटलं.

“जरा मोठ्याने,” पुढून साळूच म्हणाली.

त्याने मोठ्याने म्हटलं.

सकाळी घर गप्प होतं. गोजरा चुलीपुढे बसली होती. तिचे ओठ हलत होते आणि त्यातून काहीच बाहेर पडत नव्हतं. तिने बापाकडे पाहिलं, पुन्हा ओठ हलवले, आणि मग स्वतःचा गळा दोन्ही हातांनी धरला. तेवढ्यात साळू बाहेरून आली, हात मातीने भरलेले.

“मडकं वाड्यावर पोचतं केलं,” ती म्हणाली. “असं काय बघताय? सगळ्याच आया करतात.”

हैबती तसाच उठला आणि नदीवर गेला. कुणापुढे रडायचं तेही त्याला कळेना. वाळूत एक टिटवी उभी होती. ती माणसासारखी बोलत असे, पण तिला कधी कुणी काही विचारलं नव्हतं.

“माझ्या राज्याला काय झालंय?” हैबतीने विचारलं.

“शाप आहे,” टिटवी म्हणाली. “दुसऱ्याचं म्हणून ज्या दुःखावर तुम्ही तोंडसुख घेता, ते नदी ओलांडून तुमच्या घरी राहायला येतं. आलं, की ते पहिल्यापासूनचं वाटतं. तू दवंडीवाला, म्हणून तुझ्या तेवढं ध्यानात राहिलं.”

“हे कुणी केलं?”

“राखाडी अंगरख्यातल्या मांत्रिकाने. तुझ्या राजाने त्याच्याकडे वर मागितला होता, की माझ्याविरुद्ध कुणी तक्रार करू नये. कुणी करतंय का?”

“कुणी नाही,” हैबती म्हणाला. “माझ्या मुलीचा आवाज परत कसा मिळेल?”

“येत्या बाजारी दिवस मावळला की मांत्रिक मंत्र म्हणेल. मग अशी सगळी मडकी, असतील तिथे, भाजून पक्की होतील. पक्क्या मडक्यातून आवाज निघत नाही. त्याआधी तीन कामं कर. पलीकडची दवंडी ऐकून ये, पण उलट एक शब्द बोलू नकोस, बोललास तर तिथेच दगड होशील. वाड्याच्या तळघरातून मुलीचं मडकं आण, पण दुसऱ्या कुठल्याही मडक्याला हात लावलास तर तुझा आवाज त्यात जाईल. तिसरं काम, आपल्या चौथऱ्यावरून आपल्या राज्याची दवंडी पीट. ते करताना तू पायापासून दगड होत जाशील. जमलेल्यांतल्या एकाने जरी ‘खरं आहे’ म्हटलं तर सुटशील.”

“आणि कुणीच नाही म्हटलं तर?”

टिटवी उडून गेली.

हैबती नदी उतरून पलीकडे गेला. काठावर दगडांची गर्दी होती, आणि प्रत्येक दगडाला उघडं तोंड होतं. ती सगळी इकडून भांडायला गेलेली माणसं होती. पुढे वेस होती, चौथरा होता, बाजार भरला होता. चौथऱ्यावर एक दवंडीवाली उभी होती.

“ऐका हो ऐका,” ती म्हणाली. “पैलराज्यात लग्न ठरलेल्या मुलीचा आवाज मडक्यात काढून घेतात.”

पैलराज्य म्हणताना तिने बोट दाखवलं ते नदीच्या अलीकडे, हैबतीच्या घराकडे.

“शी, काय मेलं राज्य म्हणायचं,” तिथल्या बाया म्हणाल्या. त्यांच्यात एक तरुण मुलगी ओठ हलवत बसली होती, आणि त्यातून काही बाहेर पडत नव्हतं. तिची आई तिला मांडीशी धरून हैबतीच्या राज्याला शिव्या घालत होती. दवंडीवालीच्या मागे राखाडी अंगरखा उभा होता.

हैबतीच्या जिभेवर आलं होतं, ‘अगं, हे तुमचंच आहे, मांडीशी धरलेली पोर बघ.’ त्याने ओठ इतका चावला की रक्त आलं. तो पाठमोरा झाला आणि परत निघाला.

मांत्रिक पलीकडे गुंतला होता, तेवढ्यात हैबती वाड्याच्या तळघरात शिरला. तिथे ओल होती आणि भिंतीला लागून कच्च्या मडक्यांच्या उतरंडी होत्या. त्याच्या पावलांची चाहूल लागताच सगळी मडकी एकदम हाका मारू लागली. “आबा.” “आबा, मला न्या.” “आबा, मी इथे.” प्रत्येक हाक गोजराची वाटे. तो हात पुढे करी आणि मागे घेई. आपण आपलीच पोर ओळखू शकत नाही, याची त्याला मांत्रिकाहून जास्त भीती वाटली.

मग कोपऱ्यातून वेगळंच काही ऐकू आलं. एक मडकं हाका मारत नव्हतं. ते शेजारच्या मडक्याशी बोलत होतं.

“घाबरू नको गं. नाव काय तुझं? कुठल्या आळीतली तू? सासर लांब आहे का? माझं की नाही, अगदी जवळ आहे...”

हैबतीने ते मडकं उचललं, पोटाशी धरलं आणि बाहेर पडला. पाठीमागे हाका चालूच होत्या. त्या सगळ्या त्याच्याच गावच्या पोरी होत्या. असल्या हाका पाठीवर घेऊन चालणं काय असतं, ते त्याला विचारा.

बाजारचा दिवस आला. ऊन कलल्यावर लोक जमले. राजा सज्जात येऊन बसला. साळू नेहमीसारखी पुढे होती, तिच्या शेजारी गोजरा. हैबतीने मडकं गोजराच्या मांडीवर ठेवलं आणि तो चौथऱ्यावर चढला. राखाडी माणूस कानाशी वाकला, पण हैबतीने मान बाजूला घेतली.

“ऐका हो ऐका,” तो म्हणाला. “आपल्या राज्यात विहिरीचं पाणी राखेने वाटलंय.”

लोकांना वाटलं, त्याची बोलण्यात चूक झाली. काही जण हसले. हैबतीच्या पायांची बोटं थंड पडली, मग पावलं.

“आपल्या राज्यात म्हाताऱ्यांना भिंतीआड चिणलंय.”

आता कुणी हसलं नाही. जो तो खाली बघू लागला. राघूतात्यांचा मुलगा गर्दीत मागे सरकला. दगड हैबतीच्या गुडघ्यांपर्यंत चढला होता.

“आपल्या राज्यात,” हैबतीचा आवाज चिरकला, “मुलींचे आवाज मडक्यात कोंडतात. माझ्या मुलीचाही कोंडलाय. दवंडी मीच दिली. हे खरं आहे की नाही, कुणीतरी बोला.”

कुणी बोललं नाही. माणसं सज्जाकडे बघत होती आणि राजा माणसांकडे बघत होता. दगड कमरेला आला, छातीला आला. दिवस टेकडीला टेकला आणि मांत्रिकाचे ओठ मंत्र म्हणू लागले. गोजराच्या मांडीवरचं मडकं गरम होऊ लागलं. तिचे हात पोळत होते, तरी ती ते सोडीना. ती आईकडे बघत होती. नुसती बघत होती.

साळूने मुलीचे पोळलेले हात पाहिले. मग स्वतःचे हात पाहिले.

“खरं आहे,” ती म्हणाली. ती एवढं हळू बोलली की शेजारच्यांनाच ऐकू गेलं. मग ती उभी राहिली. “खरं आहे. पलीकडे नाही, इथेच. ते मडकं मी स्वतः नेऊन दिलं. माझी पोर त्यात रडत होती आणि मी रस्ताभर पैलराज्याला नावं ठेवत गेले.”

“खरं आहे,” गर्दीच्या मागून राघूतात्यांचा मुलगा म्हणाला. “आमच्या भिंतीमागे माझे वडील आहेत.”

मग कोण आधी बोललं आणि कोण मागून, ते कळायला मार्ग राहिला नाही. हैबतीच्या अंगावरचा दगड मातीसारखा गळून पडला. मडकं तडकलं. तळघरातली सगळी मडकी तडकली, भिंतींना दारं आली, विहिरीतली रेघ पाण्यात विरली. राखाडी अंगरखा चौथऱ्यावर रिकामाच पडला आणि त्यातून चिमूटभर राख सांडली.

गोजरा उठली. बापाला मिठी मारील, आईशी भांडेल, असं सगळ्यांना वाटलं. पण तिने वर सज्जाकडे पाहिलं.

“महाराज,” ती म्हणाली, “तुम्हाला हे ठाऊक होतं का?”

असा प्रश्न राजाला आजवर कुणी विचारला नव्हता. त्याने आजूबाजूला पाहिलं. राखाडी अंगरख्यात कुणी नव्हतं. खाली सगळं गाव तोंड वर करून उभं होतं आणि कुणीच नदीकडे बघत नव्हतं.

“होतं,” तो म्हणाला.

तो सज्जातून उतरला आणि चौथऱ्याच्या पायरीवर बसला. माणसं एकेक करून पुढे आली आणि त्याच्या तोंडावर त्याला बोलू लागली. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. भीती पुष्कळ होती, पण आता ती एकट्या राजालाच वाटत होती. पलीकडच्या तीरावर त्या संध्याकाळी हलगी वाजली. ती काय सांगत होती ते इकडे कुणी ऐकलं नाही, कारण इकडचंच बोलणं अजून संपायचं होतं.

गोजराचा आवाज गोजराला मिळाला, तसा ज्याचा त्याला मिळो, आणि ही गोष्ट इथे पुरी होवो.