टिटवीसाठी बांधलेले घर

एका माळरानाच्या कडेला, जुन्या विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर, एक म्हातारा सुगरण पक्षी राहत असे. मुलांनो, नाव सुगरण असले तरी या पक्ष्यांत घरटी विणायचे काम नरांकडे असते, आणि हा म्हातारा त्या कामातला पक्का उस्ताद होता. दर उन्हाळ्यात, विणकामाचा हंगाम सुरू होण्याआधी, तो महिनाभराचा वर्ग भरवी. ज्यांना घरबांधणी शिकावीशी वाटते, पण ती आपल्याला जमेल की नाही हे अजून ठाऊक नाही, अशा पोरांसाठी हा वर्ग होता. सुगरणींची पोरे येत, पाने शिवणारे शिंपी पक्षी येत, एखाद्या वर्षी मातीचे गाडगे घडवणारी कुंभारीण माशीही येई. जो वर्ग नीट पार पाडी, त्याला विहिरीवरच्या बाभळीची एक फांदी मिळे. त्या फांदीसाठी सगळे जीव टाकत. खाली पाणी, भोवती काटे; मांजराची तिकडे फिरकायची छाती होत नसे. ज्याला फांदी मिळाली नाही, त्याने घरी जायचे आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा यायचे.

त्या वर्षी वर्गात एक तरुण सुगरण पक्षी आला होता. त्याच्या चोचीत कसब होते, आणि ते आहे हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. शिंदीच्या झापेतून तो इतका लांब आणि सरळ धागा काढी की बाकीची पोरे आपले काम सोडून बघत राहत. पहिल्याच दिवशी त्याने शेजारी बसलेल्या शिंपी पक्ष्याला फांदीसुद्धा दाखवून ठेवली. "ती बघ, विहिरीच्या मधोमध लोंबतेय ना, ती माझी. तू दुसरी बघून ठेव."

म्हाताऱ्याने वर्गाचा नियम सांगितला. "स्वतःसाठी घर कुणीही बांधतं. इथे दुसऱ्यासाठी बांधायचं. आम्हा सुगरणींच्या जातीत मादी येऊन अर्धं घरटं तपासते, आणि तिला पसंत पडलं तरच पुढचं विणायचं, हे तुम्हाला माहीत आहे. इथेही तसंच. ज्याच्यासाठी घर, त्याने हो म्हटलं तर हो. माझं मत कुणी विचारू नका. आणि पहिले आठ दिवस कुणी काडीला चोच लावायची नाही. नुसतं बघायचं."

मग त्याने कामे वाटली. शिंपी पक्ष्याच्या वाट्याला खार आली आणि आपल्या या हुशार पोराच्या वाट्याला टिटवी.

आठ दिवस बघायचे, हे त्याला काही पटले नाही. बघायचे काय त्यात? टिटवी हा पक्षी. पक्ष्याला घरटे लागते. आणि घरटे तर आपल्याला येते! झाले. शिंपी पक्षी बिचारा दिवसभर खारीच्या मागे मागे हिंडत होता, तेव्हा हा शिंदीच्या आड बसून गुपचूप धागे काढत होता. आठ दिवसांत त्याने एवढा साठा केला की नववा दिवस उजाडताच त्याचे विणकाम सुरू झाले. तळ्याकाठी एक चांगली फांदी त्याने हेरली होती. बारा दिवस तो तिथून हलला नाही. घरटेही तसेच झाले: गाठ अशी की ओढून सुटेना, वीण अशी की ऊन आत शिरेना. वाऱ्याने फार हेलकावे बसू नयेत म्हणून आतून ओल्या मातीचे गोळेही त्याने थापले. टिटवी आपल्यापेक्षा मोठी, हे मात्र त्याने लक्षात ठेवले होते, म्हणून घरटे नेहमीच्या चौपट होते. पोरे बघून थक्क झाली. तो छाती पुढे काढून टिटवीला बोलवायला गेला. वर्ग संपायला तेव्हा दहा दिवस होते.

टिटवी आली. झाडाखाली उभी राहिली. मान वर करून तिने ते घरटे बराच वेळ पाहिले.

"सुरेख आहे रे," ती म्हणाली. "पण बाळा, मी वर बसू कशी?"

"बसू कशी म्हणजे? फांदी धरायची आणि..." बोलता बोलता तो थांबला. टिटवीच्या लांब पिवळ्या पायांकडे त्याने पहिल्यांदाच पाहिले. पुढे तीन बोटे होती. मागचे बोट नावापुरते, पार वर सरकलेले.

"आम्हाला फांदी धरता येत नाही," टिटवी म्हणाली. "आमची सगळी जात जमिनीवरच राहते. तुला माहीत नव्हतं?"

त्याने वरच्या घरट्याकडे पाहिले आणि पुन्हा तिच्या पायांकडे.

"यंदा दोनदा अंडी घातली मी. दोन्ही वेळा म्हशींच्या पायाखाली गेली. आता पुन्हा घालायची वेळ आली आहे. तुझे गुरुजी म्हणाले, एक हुशार पोरगा तुझं घर बांधतोय, जरा धीर धर. म्हणून थांबले होते." टिटवीच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागले. ती पाठ वळवून माळाकडे चालू लागली.

तो तसाच गुरुजींकडे गेला.

"घरटं बघितलं तुझं," म्हातारा म्हणाला. "वीण छान आहे."

"गुरुजी, तिला फांदीवर बसताच येत नाही."

"हे तुला कधी कळलं?"

"आज."

"आणि ती या माळावर कधीपासून राहते?"

पोराने मान खाली घातली. त्याला रडू येत होते, पण रडत बसणे त्याच्या स्वभावात नव्हते. फांदी गेली तर गेली, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा येता येईल. टिटवीची अंडी मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबणार नव्हती. "दहा दिवस आहेत अजून," तो म्हणाला. "मी जातो तिच्याकडे."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो माळावर उतरला आणि टिटवीपासून थोड्या अंतरावर चक्क जमिनीवर बसला. सुगरण पक्ष्याला तसे बसायचे म्हणजे शिक्षाच. ऊन वरून भाजत होते आणि खडी खालून. पण तिथे बसल्यावर त्याला माळ वेगळाच दिसला. फांदीवरून जे गवताचे ठोंब त्याला कधी जाणवलेही नव्हते, त्यातल्या एका ठोंबाने इथे अर्धा माळ झाकून टाकला होता.

"मावशी, तुमच्या भोवती गवताची भिंत विणून देऊ का? कुणाला दिसणार नाही तुम्ही."

"नको रे बाबा. भिंतीतून येणारा मला दिसेल कसा? मी कुणाला दिसले तरी एक वेळ चालेल, मला सगळं दिसलं पाहिजे."

"छप्पर?"

"घारीला वरूनच कळेल की इथे काहीतरी आहे."

"मग उन्हाचं काय करता?"

"दुपारी तळ्यावर जाते, पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर येऊन बसते. तळं लांब असलं तर येईपर्यंत पिसं सुकतात."

मुलांनो, हे सगळे तिने पहिल्या दिवशीच सांगितले असते. कुणी विचारायलाच गेले नव्हते.

मग त्याने म्हशींची वाट धरली. रोज संध्याकाळी कळप माळावरून तळ्याकडे जाई, पाणी पिऊन त्याच वाटेने परते. तीन संध्याकाळ तो कळपाच्या डोक्यावरून उडत राहिला, आणि तिसऱ्या दिवशी त्याला हवे ते दिसले. तळ्याच्या अलीकडे, वाटेच्या अगदी मधोमध, एकामागे एक असे दोन खडक होते. टिटवीच्या पोटाइतकेच बुटके, पण धारदार. म्हशी तिथे आल्या की दोन बाजूंना फुटत आणि पुढे जाऊन पुन्हा एक होत. दोन खडकांच्या मधल्या खडीवर खुराचा एकही ठसा नव्हता.

"इथे?" टिटवी घाबरलीच. "ऐन वाटेवर?"

"तीन दिवस पाहतोय मावशी. सबंध माळावर म्हशीचा पाय पडत नाही अशी हीच जागा आहे. पाणी वीस पावलांवर. आणि खडकांवरून तुम्हाला चारी बाजू दिसतात. बसून बघा."

टिटवी बसली. मान वळवून तिने चारी दिशा पाहिल्या. मग उठून पुन्हा बसली.

त्याने विचारले, "तुमच्या फुटलेल्या अंड्याचं टरफल कुठे मिळेल?"

टिटवीने त्याला ती जागा दाखवली. तिथून त्याने टरफलाचा एक तुकडा उचलला, आणि तो समोर ठेवून तळ्याकाठचे खडे निवडू लागला. तसाच मातकट रंग, तसेच काळे ठिपके. घरट्यात मातीचे गोळे वाहून नेणारी त्याची चोच आता खडे वाहू लागली. शिंपी पक्ष्याचे काम झाले होते. खारीने घर पसंत करून सामानही आणले होते. तोही मदतीला आला. दोघांनी मिळून खडकांमधला, नजरेआड येणारा गवताचा एक ठोंब उपटला, खळगा केला, खडे पसरले. एवढेच. टिटवीने खळग्यात अंग फिरवून तो आपल्या मापाचा करून घेतला.

शेवटच्या दिवशी संध्याकाळी म्हातारा सगळ्या वर्गाला घेऊन आला. पोरे इकडेतिकडे बघू लागली. कुठे भिंत नाही, छप्पर नाही, धागा नाही.

"घर कुठाय?" म्हाताऱ्याने विचारले.

"गुरुजी, आणखी एक पाऊल टाकू नका. तुमच्या पुढ्यात आहे."

म्हाताऱ्याने उचललेला पाय तसाच धरला आणि खाली निरखून पाहिले. त्याच्या नखापासून चार बोटांवर, खड्यांत खडे होऊन, दोन अंडी पडली होती.

तेवढ्यात माळावर धूळ दिसली. म्हशी येत होत्या. पोरे भुर्रकन उडून बाभळीवर गेली. टिटवी मात्र धावत येऊन अंड्यांवर बसली, आणि तो तरुण सुगरण पक्षी तिच्या शेजारच्या खडकावर बसून राहिला. कळप जवळ आला. जमीन हादरू लागली. पुढची म्हैस खडकापाशी आली, तिने फुसकन श्वास सोडला, आणि ती डावीकडे वळली. तिच्या मागची उजवीकडे वळली. धुळीत क्षणभर काहीच दिसेना.

धूळ खाली बसली. टिटवी जागच्या जागी होती. ती किंचित उठली, पोटाखाली डोकावली आणि पुन्हा बसली.

"मी इथेच राहते," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने एवढेच विचारले, "कुठली फांदी हवी म्हणाला होतास?"

त्याला हवी ती फांदी मिळाली. पण तळ्याकाठचे ते भले मोठे घरटे त्याने उतरवले नाही. गाठी पक्क्या होत्या. ते वर्षभर टिकले. पुढच्या उन्हाळ्यात म्हाताऱ्याने पहिला धडा त्याच्यावर सोपवला, तेव्हा तो नव्या पोरांना घेऊन थेट त्या झाडाखाली गेला.

"अबब!" एक पिल्लू म्हणाले. "केवढं सुंदर! यात कोण राहतं?"

"कुणीच नाही," तो म्हणाला. "हे मी टिटवीचे पाय न बघता विणलं होतं. चला, आता आठ दिवस कुणी काडीला चोच लावायची नाही."

तात्पर्य : ज्याच्यासाठी घर बांधायचे, त्याचे जगणे आधी जवळ बसून पाहावे, हातातले कसब त्यानंतरच खऱ्या अर्थाने उपयोगी पडते.