ठकूचं अळणी गरगट

गोष्ट फार जुनी आहे बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्हीही कान इकडे करा. इतकी जुनी, की त्यातल्या राजाचं नाव आज कुणाला आठवत नाही. बरंच झालं म्हणा! ठकूचं नाव मात्र लोक अजून घेतात.

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. तिथे सुगी संपली की सयीची पंगत बसायची. प्रत्येक घराने आपल्याला जन्मात विसरता न येणारं एक जेवण पुन्हा रांधायचं, आणि देवळापुढे आणून सगळ्यांना वाढायचं. अट एवढीच, की जेवण होतं तसंच झालं पाहिजे. सुधारायचं नाही. एका घरच्या नव्या नवरीचा पहिला भात खाली लागला होता. तिला नातवंडं झाली तरी त्या घरून दरवर्षी करपलेलाच भात यायचा, आणि तिचा म्हातारा तो मिटक्या मारत खायचा.

पंगतीत बसणाऱ्याने एकही भांडं टाळायचं नाही, हाही तिथला रिवाज. घासभर का होईना, चाखायचंच. एका घरचं टाळलं, तर पुढचं कुठलंच भांडं तुमच्यासाठी उघडायचं नाही.

याच गावात ठकू राहायची, वेशीजवळच्या पहिल्या घरात, एकटी. तिला एक लेक होती, सोनी. दुष्काळाच्या साली ठकूच्या घरात दाणा उरला नाही. गावाने पिकवलेलं धान्य राजाच्या कोठारात भरलेलं होतं, आणि कोठाराच्या दाराशी भालेकरी उभे होते. तेव्हा शेजारच्या गिरजाक्काने आपल्या वाटणीतलं अर्धं आणून दिलं. काय, तर बाजरीचा कोंडा आणि निबर टाकळ्याचा पाला, पाण्यात शिजवून घोटलेलं गरगट. सोनीने ते खाल्लं, बोटं चाटली आणि म्हणाली, "आई, अजून." अजून नव्हतं. नवं पीक येईपर्यंत सोनीही राहिली नाही.

दरवर्षी सयीच्या पंगतीला ठकू तेच गरगट करायची. घोटताना हात सवयीने मिठाच्या गाडग्याकडे जायचा, की ती तो मागे घ्यायची. गाव ते कडू, अळणी गरगट गुमान गिळायचं.

एका वर्षी दवंडी पिटली. यंदा पंगतीला खुद्द महाराज येणार! पण ऐका हो ऐका, दुष्काळाचं काही कुणी शिजवायचं नाही. आमच्या राज्यात दुष्काळ कधी पडलाच नव्हता. जो कुणी शिजवेल, त्याची चूल मोडून त्याला गावाबाहेर काढलं जाईल.

वा रे वा! लोकांची पोटं पाठीला लागली, आणि म्हणे पडलाच नव्हता.

गिरजाक्का पदराने घाम पुसत ठकूकडे आली. "ठके, यंदा खीर कर बाई. एका दिवसाचा तर प्रश्न. चूल मोडली तर कुठे जाशील गं?"

"खीर? माझ्या सोनीने खीर कधी डोळ्यांनी पाहिली तरी होती का?"

"अगं, पण राजा आहे तो!"

"असू दे. आज मी खीर केली, की उद्या पोरंबाळं म्हणतील, ठकूच्या घरी तर खीर शिजत होती. आक्का, तू स्वतः उपाशी राहून मला अर्धं दिलंस. ते दिलंच नव्हतंस, असं म्हणू मी?"

गिरजाक्काला हुंदका आला. ती घरी गेली आणि पुरणाची तयारी करू लागली. भित्री होती बिचारी. आपणही तिच्या जागी तेच केलं असतं.

पंगतीच्या दिवशी राजा पहाटेच निघाला होता. वाटेत काही खाल्लं नव्हतं. पुरणाच्या वासाने त्याच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. पण पहिलं घर ठकूचं, म्हणून पहिलं भांडंही ठकूचंच. तिने पदर खोचला, पुढे झाली आणि राजाच्या पानात काळपट गरगटाचा गोळा वाढला.

"हे काय आहे?"

"कोंड्याचं गरगट, महाराज. दुष्काळाच्या सालचं."

"दुष्काळ पडला नव्हता, असं सांगितलं होतं ना तुम्हाला?"

"सांगितलं होतं. पोटाने ऐकलं नाही."

राजाचे डोळे लाल झाले. "हिची चूल मोडा!" शिपायांनी पहारी उचलल्या. राजाने तो गोळा पानाबाहेर लोटला आणि गिरजाक्काकडे वळला. "तू वाढ. पुरणपोळी वाढ."

गिरजाक्का भांडं घेऊन पुढे झाली. तिने ठकूकडे पाहिलं, राजाकडे पाहिलं, आणि हातातल्या भांड्यावर झाकण ठेवलं.

"नाही वाढता येत, महाराज. पहिलं भांडं टाळलंत तुम्ही."

"मी राजा आहे!"

"आहात ना. पण बसलात पंगतीत."

तिच्या शेजारणीनेही झाकण ठेवलं. मग तिच्या पलीकडचीने. करपलेल्या भाताच्या म्हातारीने तर झाकण असं आपटलं, की राजाचा घोडा दचकला. भुकेला राजा सगळ्या पंगतीवर डोळे वटारून बसला, पण एकही भांडं उघडेना. शेवटी त्याने नवं पान मागवलं आणि ठकूने पुन्हा वाढलेल्या गरगटाचा एक घास तोंडात घातला.

"यात मीठ नाही."

"तेव्हा मीठही तुमच्याच कोठारात होतं, महाराज."

राजाने दुसरा घास पानातच ठेवला. तेव्हा ठकू बोलली, आणि अख्ख्या गावाला ऐकू जाईल अशी बोलली.

"माझी चूल मोडायची तर खुशाल मोडा. तीन दगडांची आहे, मी दुसरे तीन वेचीन. पण आमच्या पंगतीला बसलात, तर आता तुमच्याही घरचं भांडं आलं पाहिजे. माझी सोनी हे खाऊन 'अजून' म्हणाली, त्या दिवशी तुम्ही काय जेवलात? पुढच्या वर्षी तेच रांधून आणा. होतं तसंच. इथे मांडा आणि आम्हा सगळ्यांना वाढा."

राजा उठला. त्याने शिपायांना पहारी खाली ठेवायची खूण केली. घोड्यावर बसला आणि निघून गेला. ठकूच्या चुलीला कुणी हात लावला नाही.

पुढच्या वर्षी राजा पुन्हा आला. बरोबर भांडं नव्हतं. पंगतीसमोर मान खाली घालून तो म्हणाला, "त्या दिवशी मी काय जेवलो, ते मला नीट आठवतं. ते इथे मांडायची माझी छाती होत नाही." आणि कोठाराची किल्ली त्याने ठकूपुढे ठेवली.

ठकूने किल्ली उचलून गावाच्या हवाली केली. मग राजाला खाली बसवलं आणि त्याच्या पानात गरगट वाढलं, अळणीच.

बोध: सोसलेली भूक कुणाच्या धाकाने झाकू नये, आणि ज्याच्यामुळे ती सोसावी लागली त्याला ती चाखल्यावाचून पानावरून उठू देऊ नये.