हौद भरला, कागद सरला

फार फार वर्षांपूर्वी, कागद हाती पडणे नशिबाची गोष्ट होती तेव्हा, डोंगराच्या पायथ्याशी एका गावात एक पाठशाळा होती. तिथली लहान मुले फळीवर धूळ पसरून बोटाने अक्षरे गिरवत. वाऱ्याची झुळूक आली की धडा गायब! बाकीची मुले हसायची, पण सगुणा नावाच्या मुलीला रडू यायचे. आपण लिहिलेले दुसऱ्या दिवशी तसेच सापडावे, एवढेच तिला हवे होते.

पंतोजींकडे कागदाचा लहानसा गठ्ठा होता, तो मोठ्या मुलांपुरता. तोही संपत आला, तेव्हा सगुणा ओढ्याकाठच्या म्हाताऱ्या कागदीबाबांकडे गेली. कागद करणे हाच त्यांचा धंदा. त्यांनी सांगितले, की लिहून भरलेले कागद आणि विरलेल्या चिंध्या भिजवायच्या, कुटायच्या, लगदा चाळणीवर पसरून उन्हात वाळवायचा. झाला नवा कागद.

मग काय विचारता! शाळेच्या आवारात हौद बांधला, मुसळे आली, पोरांच्या अंगात वारे संचारले. पहिला कागद निघाला तो खडबडीत होता आणि त्यात एक निळा धागा दिसत होता. तो आपल्या आजोबांच्या मुंडाशाचा आहे असे एका मुलाने ओळखले आणि साऱ्या गावाला दाखवून आला. सगुणालाही एक कागद मिळाला. तिने त्यावर आपले नाव लिहिले. दुसऱ्या दिवशी उजाडताच ती धावत शाळेत आली. नाव जागच्या जागी होते. आनंदाच्या भरात तिने ही बातमी वाटेतल्या गाईलासुद्धा सांगितली.

पण पुढे तिचे एक चुकले. हौद जितका भरेल तितका कागद, असा तिने हिशेब केला. जो हौदात सर्वांत जास्त टाकेल त्याला पहिला नवा कागद, असे तिने जाहीर केले आणि पंतोजींनीही मान डोलावली.

पोरे अगदी इरेला पेटली. कोणी अख्ख्या कोऱ्या कागदावर एकच ढब्बू अक्षर काढून तो भरला म्हणून टाकला. कोणी आईचे वाळत घातलेले नवे लुगडे ओढून आणले. कोणी लग्नाच्या जेवणावळीतल्या तुपकट पत्रावळी आणल्या. पंतोजी आंघोळीला गेले आणि तेवढ्यात त्यांचे उपरणेही हौदात गेले. आपलाही हातभार हवा म्हणून सगुणाने आपल्या नावाचा कागद टाकला. आठ दिवसांत हौद काठोकाठ भरला आणि सगळे त्याभोवती नाचले.

पण लगदा काही जमेना. नव्या कापडाच्या गुठळ्या झाल्या, तुपाचा तवंग आला, उचलायला गेले की कागद फाटे. पंतोजींच्या फडताळात तर एकही कागद उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी मोठी मुलेसुद्धा धुळीत बोटे घालून बसली. सगुणाला मान वर करवेना.

ती कागदीबाबांकडे गेली आणि सगळे कबूल केले. बाबांनी शांतपणे विचारले, "पोरी, तुला हौद भरायचा होता, की मुलांच्या हातात कागद द्यायचा होता?"

"कागद द्यायचा होता, बाबा."

"मग शर्यत हौदाची का लावलीस?"

सगुणाने हौद उपसला, घासला आणि लगद्यातून कामाचे तेवढे निवडून घेतले. आता दोन्ही बाजू भरल्याशिवाय कागद हौदात जाईना. चिंधी आईने आपल्या हाताने दिली तरच घ्यायची आणि पत्रावळ उकिरड्यावर टाकायची असे ठरले. रोज एक मूल हौदापाशी बसून निवड करी. बक्षीस बंद झाले. पहिला कागद मिळायचा तो धूळफळी सोडणाऱ्या सगळ्यांत लहान मुलाला, आणि ते बघायला गाव लोटायचे.

घासलेल्या हौदातला पहिला कागद निघाला, तेव्हा त्यात लाल काठाचा एक धागा होता. पंतोजींनी आपले उपरणे ओळखले आणि ते पोट धरून हसले. तो कागद चिमुकल्या यमूला मिळाला. तिने त्यावर एक वाकडातिकडा 'य' काढला.

दुसऱ्या दिवशी उजाडताच यमू धावत आली. दारात सगुणा तिच्याही आधी येऊन उभी होती. 'य' जागच्या जागी होता. त्यानंतर त्या शाळेतला कागद कधी सरला नाही.

काम कशासाठी सुरू केले, हे ज्यांच्या ध्यानात राहते, त्यांचेच काम टिकते.