जोमाची पाटी

फार वर्षांपूर्वी, खाडी गावाच्या अगदी उशाशी होती तेव्हा, खारशेत गावात जोमा नावाचा बांधराखा होता. खारं पाणी भातात शिरू नये म्हणून गावानं मातीचा लांबलचक बांध घातला होता. बांधाला एक लाकडी दार होतं, त्याला उघाडी म्हणत. ओहोटीला ती उघडायची, भरतीला लावायची, हे जोमाचं काम. असं म्हणतात, बांधावरून नुसता चालत गेला तरी माती कुठे पोकळ झालीय ते त्याच्या तळपायाला कळायचं.

पण जोमाला जिताडा माशाची भारी चटक. भाद्रपदात एका रात्री, भात पोटरीला आलेलं असताना, त्यानं भरतीच्या वेळी उघाडीखाली धोंडा सारून फट ठेवली आणि मागे जाळं लावलं. मासा मिळाला. दार लावताना मात्र खालची फळी तडकली. जोमानं इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्यानं वरून चिखल थापला आणि घर गाठलं.

सकाळी खालच्या शेतांत खारं पाणी! सारा गाव बांधावर जमला.

"जोमा, हे झालं कसं?"

गर्दीत पदी उभी होती. बांधाच्या पार दुसऱ्या टोकाला चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरून पोट भरणारी एकटी बाई. जोमाचं बोट आपसूक तिच्याकडे वळलं.

"हिला विचारा. चिंबोऱ्यांसाठी बांध उकरते ही."

"मी मातीला हात लावला नाही," पदी म्हणाली. पण ऐकतो कोण? दुपारी अवसेचं उधाण येणार होतं. "आधी बांधाचं भोक बुजवा, मग हिला गावाबाहेर काढू," म्हणत सगळे पदीच्या टोकाला धावले. जोमाही धावला. सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता, पण कान मागे उघाडीकडे लागले होते.

माती पडत राहिली नि पाणी चढत राहिलं. बायका पोरांना घेऊन देवळाच्या ओट्यावर चढल्या. पदीही मातीची पाटी वाहत होती. ती जोमाजवळ थांबली.

"जोमादादा, बांधाची नस न् नस तुला ठाऊक. पाणी कुठनं शिरतंय, सांग ना रे. माझं काय व्हायचं ते होवो."

सांगावं तर तोंड दाखवायला जागा नाही, न सांगावं तर गाव बुडतं.

"इथं नाही!" जोमा किंचाळला. "उघाडीची फळी गेलीय. माझ्या हातानं गेलीय. ही निर्दोष आहे!"

तो धावत गेला आणि पाण्यात बुडी मारून फुटक्या फळीला पाठ लावून बसला. वरून गावानं माती ओतली. असं म्हणतात, अख्खी भरती तो पाण्याखाली होता. ओहोटीला वर आला तेव्हा जिवंत होता, पण डोक्यावरचा केस न् केस मिठासारखा पांढरा झाला होता.

गावानं उघाडी पदीच्या हाती दिली. जोमा मरेपर्यंत तिच्या हाताखाली माती वाहत राहिला.

आजही खारशेतात कुणाला कुणावर आळ घ्यायचा असेल, तर गावकी आधी त्याला 'जोमाची पाटी' टाकायला पाठवते. मातीची पाटी डोक्यावर घेऊन एकट्यानं उघाडीपर्यंत जायचं, ती ओतायची, आणि मग येऊन बोलायचं. बरेच जण तिथूनच परस्पर घरी जातात. बांध त्या जागी सगळ्यांत रुंद आहे.