राजाचा उजवा खांदा

पुष्कळ वर्षांपूर्वीची, इस्राएलच्या डोंगरांत राजा नावाचे कुणी नव्हते तेव्हाची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी तर ऐकावीच.

त्या डोंगरांतल्या एका वस्तीला एकच विहीर होती. वाळू पडू नये म्हणून तिच्या तोंडावर मोठा दगड ठेवलेला असे. रीत अशी होती, की सगळे जमल्याशिवाय दगड सारायचा नाही. सगळ्यांनी हात लावायचा, सगळ्यांनी पाणी घ्यायचे.

एका दुपारी काही मेंढपाळ वेळेवर आलेच नाहीत. उन्हाने कोकरे खाली पडू लागली. तेव्हा एक उंच तरुण पुढे झाला, त्याने दगडाला खांदा लावला आणि एकट्याने तो बाजूला सारला.

"हा माणूस आहे की बैलजोडी?" एक म्हातारा मेंढपाळ म्हणाला.

"बैलजोडी याच्यापेक्षा कमी खाते," तरुणाचा धाकटा भाऊ म्हणाला. "आमच्या आईला विचारा!"

सगळे हसले. तरुणही हसला.

पुढे सपाटीवरून लुटारू आले. त्या तरुणाने त्यांना पळवून लावले. लोक देवाचा शब्द सांगणार्‍या म्हातार्‍या संदेष्ट्याकडे गेले आणि म्हणाले, "आम्हाला हाच राजा हवा."

संदेष्ट्याने उसासा टाकला. "राजा मिळेल. पण राजासुद्धा दमतो. दमलो म्हणायची त्याला लाज वाटली, तर काय कराल?"

"हा दमणारा नाही," लोक म्हणाले.

संदेष्ट्याने त्याच्या डोक्यावर तेल ओतले, आणि तो राजा झाला.

आता रोज सकाळी राजा एकटाच दगड सारी. लोक घागरी घेऊन बघत उभे राहत, त्याचा जयजयकार करत. राजाला ते फार आवडू लागले. त्याने बैलांकडून आणखी मोठा दगड ओढून आणवला, आणि फर्मान काढले, की राजाशिवाय कुणी त्याला हात लावायचा नाही. "शत्रूपासून पाणी राखायला हवं," तो म्हणाला. खरे तर त्याला जयजयकार मोठा हवा होता.

राज्य वाढले, तशा लढाया वाढल्या. एका लढाईहून घरी यावे, तर दुसरी दारात उभी. शेवटच्या लढाईत राजाच्या उजव्या खांद्यावर गदेचा घाव बसला. लढाई जिंकली, पण हात वर होईना. भावाने गुपचूप पट्टी बांधली. राजाने वरून झगा ओढून घेतला.

"कुणाला बोलायचं नाही," तो म्हणाला.

वस्तीत लोक वाट बघत होते. राजा निघताना भरून ठेवलेले रांजण आता कोरडे पडले होते.

राजा म्हणाला, "विजयाचा उपास धरा. आज कुणी पाणी प्यायचं नाही."

दुसर्‍या दिवशी तो म्हणाला, "अजून एक दिवस."

त्या संध्याकाळी भाऊ त्याच्याजवळ येऊन बसला.

"दादा, सांगून टाक. सगळे मिळून सारतील दगड."

"आणि मग मला राजा कोण म्हणेल?"

"मी म्हणेन की."

"तू वेडा आहेस."

"असेन. पण पोरं ओठ चाटतायत, दादा. तुलाही झोप नाही. किती दिवस असा हात पोटाशी धरून बसशील?"

"बरा होईपर्यंत."

"तोवर वस्ती उरेल?"

राजाने तोंड फिरवले. रागवायलाही त्याच्यात त्राण उरले नव्हते.

पहाटे भाऊ एकटाच विहिरीवर गेला. लोक येण्याआधी दगड सरला, तर तो राजानेच सारला असे सगळे समजतील. दादाची लाज राहील आणि पोरांना पाणी मिळेल, असे त्याला वाटले. त्याने दगडाखाली लाकडी वासा घातला आणि जोर लावला. दगड उचलला गेला. मग वासा मोडला, आणि दगड त्याच्या अंगावर आला.

किंकाळी ऐकून लोक धावले. फर्मान कुणाला आठवले नाही. सगळ्यांनी हात लावला आणि दगड बाजूला झाला. इतका सहज, की लोक एकमेकांकडे बघत राहिले. पण खाली भावाचा श्वास थांबला होता.

राजा धावत आला. त्याने भावाला उचलून घ्यायला हात घातले. एकच हात वर झाला. झगा गळून पडला, आणि तो काळानिळा खांदा सगळ्यांना दिसला.

एका म्हातारीच्या हातातली घागर खाली आली. "एवढंच होतं का रे लेकरा? खांदा दुखतो, एवढंच सांगायचं होतं?"

राजाने एका हाताने भावाचे डोके मांडीवर घेतले. एका शब्दाने माणूस वाचला असता. एका शब्दाने!

कुणी बंड केले नाही. लोकही थकले होते. पण पुढे राजाने रणशिंग फुंकले तेव्हा एकही माणूस घराबाहेर आला नाही. राजाने मुकुट संदेष्ट्याच्या उंबर्‍यावर ठेवला आणि तो पुन्हा मेंढरांमागे गेला. खांदा कालांतराने बरा झाला. तो खूप वर्षे जगला, आणि त्या सगळ्या वर्षांत त्याला दादा म्हणणारे कुणी नव्हते.

जो आपले दुखणे लाजेने लपवतो, त्याचे ओझे त्याच्यावर माया करणार्‍याच्या अंगावर पडते.