गव्यांचं कडं

फार पूर्वी एका पठारावर गव्यांचा कळप राहत असे. भोरड्या नावाच्या तरण्या गव्याने एके दिवशी म्हाताऱ्या म्होरक्याला शिंगांनी रेटून हाकललं आणि स्वतः म्होरक्या झाला. अर्धा कळप त्याच्यावर रुसला.

हे कळताच उत्तरेचा वाघ आला. "तुझी सत्ता अजून कच्ची आहे. माझे वाघ पाणवठ्यावर पहारा देतील."

पाठोपाठ दक्षिणेच्या रानकुत्र्यांचा नायक आला. "वाघावर विसंबू नकोस. आमची टोळी खिंडीत बसवतो."

भोरड्याला आपल्याच कळपाची धास्ती होती. तो होकार देणार, इतक्यात त्याची आई सावळी पुढे आली.

"म्होरक्या कोण, ते आपण आपसांत बघू रे. पण आपली वासरं मांस खाणाऱ्यांच्या हवाली करायची?"

भोरड्या शरमला. त्याने दोघांनाही वाटेला लावलं. दोघे चिडून आपापली टोळी घेऊन दोन बाजूंनी पुढे सरकले, तशी सावळी हंबरली. वासरांना मध्ये घेऊन कळपाने कडं केलं. हाकललेला म्होरक्याही झाडीतून धावत आला आणि भोरड्याच्या खांद्याला खांदा भिडवून उभा राहिला. ती शिंगं बघून वाघ आणि रानकुत्रे निमूट माघारी फिरले.

सावळीचा ऊर भरून आला. भोरड्या आणि म्हाताऱ्या म्होरक्याकडे वळून ती म्हणाली, "हां, आता खुशाल भांडा."